सुऱ्यांचं घर

मेस्त्रीकाकांना काहीही विचारा, ते आधी ती वस्तू हातात घेणार, उलटी करून बघणार आणि मगच बोलणार. पुष्कळदा बोलणारही नाहीत. मुलुंडला भिंतीला भिंत लावून आम्ही इतकी वर्षं शेजारी राहतोय, पण एक दिवस सोडला तर त्यांच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकल्याचं मला आठवत नाही. बोलायचं खातं द्रौपदीकाकींकडे. काकी मालवणीत बोलायच्या, भांडायच्या, स्वतःच्याच विनोदांना खदखदून हसायच्या, आणि काका गॅलरीत रंधा मारता मारता "हां" म्हणायचे. तेवढ्या एका "हां"वर त्या बाईने पन्नास वर्षं संसार केला.

सीताराम मेस्त्री सुतार खरे, पण टेबल-खुर्च्या करणारे सुतार नव्हेत. भांडुपला पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याची हुबेहूब प्रतिकृती लाकडात करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद वर उचलायची, आणि जो खड्डा राहील त्यात लोखंडाचा रस ओतायचा. ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. काका आयुष्यभर असल्याच वस्तू करत आले, ज्या कुणाच्या घरी जात नाहीत आणि कुणाला दिसत नाहीत. कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर आले, आणि काका हत्यारांची पेटी खांद्याला लावून घरी आले.

कारखान्यातली एक सवय मात्र त्यांची सुटली नाही. काम पुरं होईपर्यंत ते कुणाला दाखवायचं नाही आणि कुणाला काही विचारायचंही नाही. अर्ध्या कामाला नजर लागते, असं त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं. ड्रॉइंग वरून येतं, वस्तू खालून जाते, मधे कुणी तोंड घालायचं नाही. माझ्या दाराची कडी त्यांनी बदलून दिली तेव्हासुद्धा मला घराबाहेर उभं केलं होतं, माझ्याच घराच्या. मी फटकळ बाई आहे, मी ऐकवलं. ते "हां" म्हणाले.

काकींची साखर जुनी. पथ्य म्हटलं की त्या हात उडवायच्या. "गोड सोडल्यार माणूस कडू होता गो नीलम," असं म्हणून माझ्यासमोर नारळाच्या गोड रसात बुडवलेली खापरोळी खायच्या. मग डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं. लेझर झालं, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. आधी डावा डोळा गेला, मग उजव्यातही नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा राहिला. आता ह्यापुढे काही होणार नाही, असं डॉक्टरांनी अनिरुद्धला बाजूला घेऊन सांगितलं. अनिरुद्ध हा त्यांचा एकुलता मुलगा, बायकोबरोबर बोरीवलीला राहतो. त्याने रडत रडत आईला सांगितलं, तर आईच त्याला म्हणाली, "रडतस कित्याक? मिठाक डोळे लागनत नाय."

आणि खरंच, काकींनी आंधळेपणी स्वयंपाक केला. फोडणी तडतडण्यावरून कळायची, भात वासावरून, भाकरी बोटांवरून. डबे त्यांनी स्वतःच्या हिशोबाने लावून घेतले होते आणि काकांनी जिरं मोहरीच्या जागी ठेवलं की आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. मी कधी भात टाकायला, कधी पोळ्या लाटायला जाऊ का म्हटलं तर मला हाकलून द्यायच्या. टीव्ही गेला होता, देवळात जाणं गेलं होतं, गजरे करायच्या ते गेलं होतं, गुडघ्यांनी तर आधीच रजा घेतली होती. उरलं होतं एवढंसं स्वयंपाकघर. तिथे त्या अजून कुणाला तरी लागत होत्या, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकच गोष्ट जमेना, चिरणं. सुरी ओट्यावर ठेवली की पुन्हा सापडायची नाही. काकी हात फिरवत फिरवत शोधायच्या आणि पातंच हाताला लागायचं. पट्टी लावून घ्यायला माझ्याकडे यायच्या आणि काकांना सांगू नको म्हणायच्या, जसं काही काकांना बोटांवरच्या पट्ट्या दिसत नव्हत्या. एकदा अंगठा असा कापला की टाके घालावे लागले. त्या रविवारी अनिरुद्ध आला, घरातल्या झाडून सगळ्या सुऱ्या जुन्या टॉवेलात गुंडाळून त्याने कपाटावर टाकल्या.

"आई, बस झालं आता. उद्यापासून डबा लावतो. खालच्या मजल्यावरच्या श्वेताताई देतात, घरचंच असतं ना."

"डबो?" काकी म्हणाल्या. "माझ्या घरात डबो? मगे माका खंय ठेवतलास? कपाटार?"

"आई, प्लीज यार. उद्या मोठं काही झालं तर मी बोरीवलीवरून पोचेपर्यंत वाट लागेल."

"ज्या दिवशी माझी चूल बंद झाली ना अनिरुद्धा, त्या दिवशी मी मेलंय असा समज."

पोरगा वाईट नाही. तेवढ्यात गॅलरीतून काका आत आले. त्यांनी काकींचा टाके घातलेला अंगठा हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "मला गणपतीपर्यंत वेळ दे."

"कशाला बाबा?"

"बघतो."

अनिरुद्धने वेळ दिला, पण अट घालून. गणपतीपर्यंत काकांना काय करायचं ते करू दे, मात्र ह्यापुढे चिरताना आईला एक जरी मोठी जखम झाली तर गॅस बंद आणि डबा सुरू, मग कुणी काही बोलायचं नाही. काकी "चलात" म्हणाल्या. मी दारात उभी होते, मलाही साक्षीदार धरलं.

सून मानसी हुशार. तिने फोनवर फोटो पाठवले, मॉलमध्ये मिळतात तसल्या लाकडी ठोकळ्यांचे, ज्यांच्या उभ्या खाचांत सुऱ्या खोचून ठेवतात. काकांनी फोन हातात घेतला, सवयीने उलटा केला आणि परत दिला. मग त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचा तसलाच एक ठोकळा केला. त्या दिवशी मी विरजण मागायला गेले होते. बघते तर काका ओट्यापाशी उभे, डोळ्यांना पंचा बांधलेला, हातात सुरीऐवजी लाकडी पट्टी, आणि समोर तो पुठ्ठा. काकी आत झोपल्या होत्या. मी खाकरले तसे ते दचकले. पण पकडले गेल्यावर माणूस बोलतो. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी भडाभडा बोलले.

"खाच उभी असली की आधी ती शोधायला लागते. शोधायला डावा हात पुढे येतो. आणि सुरी असते उजव्या हातात. म्हणजे पातं आपल्याच हाताकडे जातं. हे डोळे असलेल्या माणसांनी डोळे असलेल्या माणसांसाठी केलंय."

मग त्यांनी ते सगळं मोडून नव्याने मांडलं. सुऱ्या उभ्या न राहता उतरत्या घरात आडव्या सरकतील. घराचं तोंड रुंद ठेवायचं, आत जाताना निमुळतं करत न्यायचं. पॅटर्न वाळूतून न अडकता वर यावा म्हणून त्याच्या बाजूंना थोडा उतार देतात, तोच उतार इथे उलटा वापरायचा, म्हणजे सुरी कशीही आली तरी आपोआप आपल्या जागी घसरेल. डाव्या हातासाठी पुढे एक लाकडी भिंत आणि तिच्या मागे अंगठा टेकायची जागा. डावा हात भिंतीमागे असेपर्यंत पातं त्याला शिवूच शकणार नाही. सुऱ्या ओळखायला मुठींवर खाचा, छोटीला एक, मोठीला दोन, आणि मासे कापायच्या कोयतीची मूठ चौकोनी. सगळ्यात मला आवडलं ते शेवटचं. सुरी पूर्ण आत गेली की तिचं टोक मागच्या लाकडावर टेकून टक आवाज करेल. तो आवाज आला की समजायचं, सुरी बसली. आला नाही तर हात लावायचा नाही.

"काकींना दाखवा की हा पुठ्ठा," मी म्हटलं.

"झाल्यावर."

"अहो, वापरायचं त्यांना आहे."

"झाल्यावर," काका म्हणाले, आणि त्यांनी पंचा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

आता लाकूड. हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. त्या घराच्या माळ्यावर काकींची विळी होती. काकी विळीला आडाळो म्हणतात. तो आडाळो काकींच्या वडिलांनी, तेही कुडाळकडचे सुतारच, लेकीच्या लग्नात स्वतःच्या हाताने करून दिला होता. फणसाची जाडजूड फळी, तिच्यात रोवलेलं गावच्या लोहाराचं पातं, आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते. उजवा पाय फळीवर दाबून काकींनी त्यावर अर्धा संसार चिरला, बांगडे कापले, नारळ खवले. फळीवर टाच दाबायची तिथे बशीसारखा खळगा पडला होता. मग गुडघे गेले, जमिनीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, उभ्याने सुरीने चिरणं आलं आणि आडाळो माळ्यावर गेला. तरी दर दसऱ्याला काका तो खाली काढायचे, काकी त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायच्या, आणि तो पुन्हा वर जायचा.

ती फळी काकांनी खाली घेतली. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यात काही चुकत नव्हतं. बाजारात आज मिळतं ते लाकूड ओलं असतं, पहिल्या पावसाळ्यात फुगतं, आणि फुगलेल्या खाचेत सुरी अडकते. पन्नास वर्षं वाळलेलं फणसाचं लाकूड जागचं हलत नाही. त्यातून ते सासऱ्यांच्या हातचं. काम झालं की काकींना सांगायचं, तुझ्या बापाशीच्या लाकडाचं केलंय, म्हणून ते मनातल्या मनात खूश होते. आणि खरी गोष्ट अशी की त्या आडाळ्याची त्यांना भीती वाटत होती. आंधळ्या माणसाच्या घरात उघडं, उभं पातं! ते कधीतरी पुन्हा खाली येईल, कुणीतरी जमिनीवर विसरेल, ह्या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती. त्यांनी पातं उपटून फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं, फळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि करवत घेतली.

काकी आतून विचारायच्या, "काय करतास ओ?"

"मागीर दाखयतंय."

"वास बरो येता," काकी म्हणायच्या.

गणपती पंधरा-वीस दिवसांवर आले असताना एका सकाळी काकांनी माझं दार वाजवलं. "नीलम, जरा येतेस?" त्यांनी नवा शर्ट घातला होता. ओट्यावर पिवळसर तपकिरी, गुळगुळीत, बसक्या घरासारखं काहीतरी होतं आणि त्याच्या पोटात तीन सुऱ्या होत्या. मी पुष्कळ महागड्या वस्तू पाहिल्या आहेत, पण इतकी शहाणी वस्तू पाहिली नव्हती. काकांनी काकींचा डावा हात धरून भिंतीमागे ठेवला, उजव्या हाताला मुठी दाखवल्या. एक खाच, दोन खाचा, चौकोनी. काकींनी मोठी सुरी काढली, परत सोडली. टक.

"बसली?" त्यांनी विचारलं.

"बसली," काका म्हणाले.

काकी हसायला लागल्या. पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. कोयती काढून ठेवली. एकदाही चुकल्या नाहीत. "बाबांनू, झकास!" म्हणाल्या, आणि काकांचा चेहरा असा फुलला की मीच दुसरीकडे बघायला लागले. मग काकी म्हणाल्या, "एक तवसा दी गो." मी काकडी दिली.

काकडी ओट्यावरच्या पाटावर धरून त्यांनी सुरी वर उचलली आणि थांबल्या. पातं काकडीच्या वर हवेत जरासं इकडे गेलं, जरासं तिकडे. पहिला काप जाड पडला, दुसरा तिरका, तिसऱ्याला पातं नखाला घासून गेलं. काकींनी सुरी मागे घेतली, घराचं तोंड शोधलं, ठेवली. टक.

"ठेवूक कळता," त्या हळू म्हणाल्या. "काढूक कळता. पण हातात इली की ती खंय जाता, ता माका कळणा नाय ओ. सुरीय हलता, तवसाय हलता."

काका म्हणाले, "सवय होतली."

"सवय माका आडाळ्याची आसा." काकींचा चेहरा एकदम उजळला. "मी किती दिवस सांगूचा म्हणी होतंय. आडाळो हलणा नाय. पाता थंयच आसता, हात आपसूक जाता. डोळे मिटून मी नारळ खवलंय, अनिरुद्धाक मांडयेर घेवन. माळ्यावरसून माझो आडाळो काढून देवा. बसतलंय मी कशीय, गुडघे मोडले तर मोडले."

काकांनी ओट्याची कड धरली होती.

"काय झाला? गप कित्याक?"

काकींचा डावा हात अजून त्या लाकडी भिंतीवरच होता. काकांनी बाहेरची बाजू रंधली नव्हती. वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली झिलई त्यांना मोडवली नाही, आणि तो खळगा तर त्यांनी मुद्दाम अंगठा टेकायच्या जागेला घेतला होता. काकींचा तळवा त्या खळग्यात गेला आणि थबकला. मग दुसरा हात आला. दोन्ही हातांनी त्यांनी ते घर चाचपलं, सावकाश, कडा, कोपरे, खालची बाजू. पातं रोवलेलं भोक काकांनी लाकडाचीच खुंटी मारून बुजवलं होतं. मला तर ते दिसलंही नसतं. काकींच्या बोटाला ते सापडलं.

"ह्यो माझ्या बापाशीचो आडाळो."

"हां," काका म्हणाले.

"माका इचारलात नाय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाची त्या घराला सवय होती, भांडण म्हणजे सगळं ठीक आहे असंच मी भिंतीपलीकडून धरून चालायची. काकी फक्त हात पुसत आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी तिथे उभी, काका तिथे उभे, आणि मध्ये ती शहाणी वस्तू. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि ते इतके केविलवाणे दिसत होते की राग काढायलाही जागा नव्हती.

तुम्ही म्हणाल, नवी विळी आणायची. मीही तेच म्हटलं, मीच बाजारातून आणली. पत्र्यासारखं पातं, खाली हलकी फळी. काकींना धरून पाटावर बसवलं, बसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं पण हूं का चूं केलं नाही. पाय दाबला तर विळीच उडी मारून पुढे गेली. "खेळण्यातली आसा गो ही," काकी म्हणाल्या.

मग काकांनी पेटीतलं जुनं पातं काढलं आणि नवी फळी करायला घेतली. आणि तिथे त्यांना कळलं की त्यांच्याकडे माप नाही. कारखान्यातल्या पंपांची मापं त्यांना अजून पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. पण घरातल्या आडाळ्याचं माप त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. पातं किती आत, किती कलतं, फळीपासून किती वर, काही नाही. सुऱ्यांच्या घराचे तुकडे मनातल्या मनात शेजारी शेजारी मांडून कल्पना करावी, तर मधलं लाकूड करवतीने आणि रंध्याने खाल्लेलं, गॅलरीतला भुसा तर झाडून गेलेला.

म्हणून ते काकींना विचारायला लागले. आता विचारायला लागले. काकी पाटावर बसायच्या, उजवा पाय पुढे दाबून, आणि हवेत हात करून दाखवायच्या, पातं इथे, त्याचं नाक इथे. काका त्यांच्यासमोर उकिडवे बसून लोखंडी पट्टीने ती हवा मोजायचे.

"हंयसर?"

"नाय, जरा भायर. रवा. आत."

दुसऱ्या दिवशी काकींचा हात बोटभर दुसरीकडे जायचा. तिसऱ्या दिवशी आणखी कुठे. काकी चिडायच्या, काका पट्टी पुसायचे. दोन म्हातारी माणसं जमिनीवर बसून नसलेल्या वस्तूला हात लावायचा प्रयत्न करतायत, हे बघवायचं नाही. मी काहीतरी निमित्त काढून घरी यायची. आंब्याच्या लाकडाचा एक आडाळो झाला, काकींनी पात्यापाशी हात नेला आणि "ह्यो न्हय" म्हणाल्या. सागवानाचा झाला, तोही न्हय. तिसरा त्यांना बरा वाटला. म्हणजे वाटला नसावा, पण गणपती चार दिवसांवर आले होते आणि काका चौथ्या फळीला रंधा लावत असल्याचं त्यांना ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, "चलात."

जिन्यात सेक्रेटरी श्यामसुंदर भेटले. सगळ्या बिल्डिंगला करवतीच्या आवाजाने बातमी पोचवलीच होती. "काय हो, करायला गेले गणपती आणि झाला मारुती," असं म्हणून ते हसले. मी त्यांना असं काही ऐकवलं की ते अजून माझ्याशी पाण्याच्या टाकीपुरतंच बोलतात.

दुसऱ्याच दिवशी दुपारी काका औषधं आणायला खाली गेले होते. काकींनी माझी वाट बघितली नाही. भिंत धरून धरून स्वतःच पाटावर बसल्या, तो तिसरा आडाळो ओढला, आणि भोपळ्याची फोड घेऊन दोन्ही हातांनी जोर लावून पुढे नेली. मला ऐकू आलं ते ओरडणं नव्हतं, आडाळो आपटल्याचा आवाज होता. मी माझ्याकडे असलेल्या त्यांच्या किल्लीने दार उघडून आत गेले. उजव्या हाताचा तळवा आडवा उघडला होता. भोपळा, पाट, सगळं लाल. काकी म्हणत होत्या, "थंय नव्हता गो. पाता थंय नव्हता."

हाताने काहीच चूक केली नव्हती. हात बरोबर गेला होता, वडिलांनी पातं रोवलं होतं त्या जागेच्या हिशोबाने. नव्या फळीवर पातं तिथून बोटभर अलीकडे होतं. टाके घातले, पण आतली शीर तुटली होती ती काही नीट जुळली नाही. मधली दोन बोटं आता मिटत नाहीत. मीठ त्या चिमटीतून पडत नाही.

अनिरुद्ध आला तो सरळ स्वयंपाकघरात गेला. त्याने गॅसचा नॉब बंद केला, शेगडीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, चहापुरती एक इलेक्ट्रिकची किटली प्लगला लावली. अट त्याने घातली होती, आठवण करून द्यायची त्याला गरज नव्हती. तिन्ही आडाळे भंगारात गेले. त्या वर्षीचे मोदक श्वेताताईंकडून आले. काकींनी एक हातात घेतला, अंगठ्याने पाकळ्या मोजल्यासारखं केलं आणि परत ताटात ठेवला.

आरतीनंतर मानसीचं लक्ष ओट्याकडे गेलं. "बाबा, हे तुम्ही बनवलंत? काय भारी आहे!" तिने फोटो काढून ग्रुपवर टाकले. संध्याकाळपर्यंत किती लोकांनी विचारलं म्हणे, कुठे मिळेल, आमच्यासाठी करून देतील का. अनिरुद्ध कौतुकाने म्हणाला, "बाबा, एकदम परफेक्ट डिझाइन आहे." काकांनी "हां" म्हटलं आणि ते गॅलरीत गेले. गॅलरीत आता हत्यारांची पेटी नाही, ती त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली.

तेव्हापासून डबा येतो. काका ताट वाढतात, काकींच्या डाव्या हाताशी चमचा ठेवतात. काकी भाजी बोटांनी चाचपतात. एकदा मी समोर होते, त्या म्हणाल्या, "भेंडी उबी चिरल्यानी. उबी भेंडी कोण चिरता?" मला आशा वाटली की आता श्वेताताईंचा उद्धार होणार, मालवणीतून, जसा पूर्वी माझा व्हायचा. पण त्यांनी तेवढंच म्हटलं आणि मुकाट्याने खाल्लं. आमच्या भिंतीतून आता काही ऐकू येत नाही. कधी कधी मी उगाच कान लावते.

सुऱ्यांचं घर अजून ओट्यावर आहे. काका ते कपाटात ठेवत नाहीत आणि कुणाला देतही नाहीत. शनिवारी ते तिन्ही सुऱ्या बाहेर काढतात, गंजू नयेत म्हणून खोबरेल लावून पुसतात आणि एकेक परत आत सोडतात. गेल्या शनिवारी मी तिथेच बसले होते. पहिली सुरी गेली. टक. दुसरी गेली. टक.

आतल्या खोलीत काकी उठून बसल्या. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी असा आला, पूर्वीसारखा, घर आपलं असल्यासारखा.

"कोण चिरता ओ?"

काकांच्या हातात कोयती तशीच राहिली.

"कोण नाय," ते म्हणाले.